मंजूर

शिनासच्या बलदियेत, दुसऱ्या मजल्यावर
एक मंगळवार सोडून समिती बसते.
एसीची घरघर इतिवृत्तात येत नाही,
मीही येत नाही.
मी नकाशे उलगडतो, चार कोपऱ्यांवर
खजुराच्या बश्या ठेवतो,
नाहीतर ते गुंडाळून घेतात स्वतःला
सवयीने.

विषय एक : मासळीबाजाराची मोरी.
दोन : रस्त्यावर बसणाऱ्या उंटांना दंड,
आणि उंट आपला आहे हे कबूल कोण करणार.
तीन : न्हाव्याच्या पाटीवर एक नुक्ता जास्त पडलाय,
अर्थ बदललाय, गिऱ्हाईक हसतं.
चार : शाळेपुढचा गतिरोधक सहा मीटर पुढे सरकवणे.
(सध्या तो जुमाच्या दुकानापुढे येतो.
जुमा समितीत आहे.)

मला हे सगळं पाठ.
आंबेड्याच्या ग्रामपंचायतीत नऊ वर्षं शिपाई होतो.
कोरम नाही म्हणून सभा तहकूब,
तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून
अर्ध्या तासाने तिथेच, त्याच पाच माणसांत,
चहा गार व्हायच्या आत अख्खा आराखडा पास.

इथे आलो तेव्हा वाटलं, भाषेचं कसं व्हायचं.
तर अर्ज निघाला, मुदत निघाली, तपशील, मसुदा,
सगळी आपलीच मंडळी, जरा घसा खरवडून बोलणारी.
फक्त ‘हरकत’ने फसवलं.
आमच्याकडे हरकत आली की काम थांबतं,
इथे हरकत म्हणजे हालचाल.
मास्तर राशिदना हे सांगितलं,
तर पेन्शनीत गेलेला तो माणूस खोकला येईतो हसला.
म्हणाला, इथेही थांबतंच रे.

विषय सात : शम्सा बिन्त सुवैदचा अर्ज.
नाव सूर्याचं, मागणी अंधाराची.
खांब क्रमांक एकशे बारा माझ्या गोठ्यावर उजेड पाडतो.
शेळ्यांना रात्र झाल्याचं कळत नाही.
बसत नाहीत, दावी चावतात, दूध आटलं.
माझा बाप तारे बघून पाण्याची पाळी धरायचा.
आता वर बघितलं की बल्ब.

अर्ज तीन बैठका फिरला.
बिजू इंजिनियर म्हणाला, खांब काढायला नियम नाही.
जुमा म्हणाला, लोक दिवे मागतात, ही कोण?
अध्यक्ष मुसल्लम दाढीतून बोटं फिरवत राहिले,
मग म्हणाले, रात्री जाऊन बघू.

गेलो. रात्री साडेदहा, दोन गाड्या, टेप माझ्या हातात.
म्हातारीने कॉफी दिली, आधी मला,
कारण दाराशी मी उभा होतो.
अकरा शेळ्या उभ्या होत्या. टक्क डोळ्यांनी
समितीकडे बघत. एकीनेही हरकत घेतली नाही,
कुठल्याही अर्थाने.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमागे पत्रा कापला,
पोचे मारून वाकवला, खांबावर चढून
दिव्याच्या एका अंगाला टोपीसारखा बसवला.
अंगठ्याला तीन टाके. रस्त्यावर उजेड तेवढाच,
पत्र्यापलीकडे गोठा, बोरीचं एक झाड,
आणि भिंतीलगत हातभर वाट
अंधारात गेली.

इतिवृत्तात : विषय सात, आवश्यक ते करण्यात आले.
‘करण्यात आले’. कोणी, ते मराठीतही येत नाही.

मी राशिद मास्तरांना विचारलं,
मंजूर झालं म्हणायचं का?
ते म्हणाले, मंजूर म्हणजे दिसलेलं.
तुमच्याकडे काय?
मी म्हटलं, आमच्याकडे सही झालेलं.
बराच वेळ ते चष्मा पुसत होते.

गुरुवारी रात्री मी त्या हातभर वाटेवर उभा राहून
घरी फोन लावतो.
बायको म्हणते, काहीच दिसत नाहीये, उजेडात या.
मी म्हणतो, थांब.
मागे एक शेळी बसते, गुडघे मोडल्याचा आवाज येतो,
मग दुसरी.
बायको विचारते, कोण आहे तिकडे?