डावा, उजवा

फर्मागुडीच्या टेकडीवर, दुसऱ्या मजल्यावर
पंखा बंद करून बसतो आम्ही.
पन्नास हर्ट्‌झची गुणगुण भिंतीतून येतेच,
ती गाळून काढते. घाम गाळता येत नाही.

खुशाली गावडे, वय बावन्न, पाडेली.
सावईवेऱ्याच्या कुळागरात माडावरून पडला
त्याला आता तिसरं वर्ष.
मानेखाली फक्त खांदे थोडे उचकतात.
डोक्यावर टोपी, टोपीला सोळा भोकं,
भोकाभोकातून मी सिरिंजने जेल सोडते
आणि तो म्हणतो, बाय, ह्यापेक्षा माडाचं तेल बरं.

पडद्यावर बाण येतो. डावा.
म्हणजे डावा हात हलतोय असं मनात आणायचं,
चार सेकंद. खरोखर हलवायचा नाही.
हे सांगताना पहिल्या दिवशी मी जीभ चावली.

हात हलवायचं मनात आलं
की त्याच्या जागेवरची लाट वाढत नाही, विझते.
डाव्यासाठी उजवीकडे, उजव्यासाठी डावीकडे.
मी त्या विझण्यावर टपलेली:
शेजारचा मिक्सर थांबल्यावरच कळतं ना
की तो इतका वेळ चालू होता, तसं.

दोनशे चाळीस प्रयत्न.
पापणी लवली ते वगळले, आवंढा गिळला तेही.
यंत्र म्हणालं, बावन्न टक्के.
नाणं उडवून पन्नास आलेच असते.
सर म्हणाले, मन लावत नाही हा माणूस.

रात्री एकेक लाट पुन्हा काढून बघितली.
बाण कुठलाही असो,
दोन्हीकडे एकदम विझत होतं
आणि माथ्याच्या मध्यावर, पायांच्या जागीसुद्धा.

विचारलं तर म्हणाला,
एका हातानं माडावर कोण चढतं, बाय?
तू डावा म्हणतेस, मी डावा घालतो खोडाला,
मग उजवा सोडू कसा?
चार सेकंदांत तीन खाचा होतात.
शेंडा दिसायच्या आत तू बाण पुसतेस.

माझ्या फाइलीत दोनच रकाने.
तिसरा केला. नाव सुचेना, 'माड' लिहिलं,
सर बघतील तेव्हा बघतील.
चार सेकंदांचे बारा केले.

जेल धुताना सुकांतीनं त्याची मान धरली,
मी कोमट पाणी ओतलं.
पुढची वेळ, गुरुवार, दुपारी तीन?
नको, म्हणाला. दुपारी वारा सुटतो,
शेंडा हलतो फार.
तीन खोडून मी साडेसात लिहिले.