हिरवा थर

तेशी गावात माणूस मेला
तरी धंदा सोडत नाही.
मासेमार पुरला जातो माशात,
ड्रायव्हर बसमध्ये,
कोकोवाला कोकोच्या शेंगेत.
मागे एका हेडमास्तरांसाठी आम्ही पेन केलं होतं,
सात फुटी, निबासकट.
टोपण लावलं, झालं.

मी एबो. ओडोई सुताराकडे रंगकामाला.
गाव केप कोस्ट, जात फांटी,
म्हणजे इथल्या गा लोकांत
तोंड उघडलं की पाहुणा.

नाआ आजेले आली ती टोपली डोक्यावर घेऊनच.
चाळीस वर्षं केंके विकते बाई:
आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे,
बांधून, उकडून.
"मला त्यातच घाला," म्हणाली.
निम्मे पैसे आगाऊ दिले.
निम्मे मेल्यावर.
कोण देणार, ते कुणी विचारलं नाही.

तीन रात्री जागून रंगवलं मी.
हिरवंगार. केळीचं पान, शीर न् शीर,
अगदी माझी आई गुंडाळायची तसं.

ती आली. चष्मा लावला. काढला. पुसून परत लावला.
"हे काय?"
केंके.
"कुणाचं?"

मग मात्र अख्खी गल्ली गोळा झाली.
"अरे, आमचं कणसाच्या सालीतलं! पिवळट!
केळीच्या पानात तुम्ही बांधता, तुम्ही फांटी!
वर माझा बाप बसलाय वाट बघत,
आधीच त्याला कमी दिसतं.
हिरवं काही येताना पाहिलं
तर दार लावून घेईल,
म्हणेल, शेजाऱ्यांकडचं दिसतंय!"

ओडोई इतका हसला की रंध्याची धार गेली.
मी ब्रश धूत राहिलो.
ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती नमुना आणू लागली.
रोज एक केंके, चटके देणारं,
वर तळलेला मासा, काळी मिरचीची चटणी.
"आधी बघ, मग खा."
मी बघतो. मग खातो.
ती दोष काढते.
रेघ जाड. गाठ सैल.
साल अशी दुमडते का रे कुठे?
परवा आत झोपून पाहिलं:
कोपर अडतं म्हणाली.
पुन्हा पांढरा हात, पुन्हा पिवळा,
पुन्हा उद्या.

आठ महिने झाले.
मेलेल्यांच्या तीन बस निघून गेल्या,
एक कोंबडी, पिल्लांसकट,
आणि एक बिअरची बाटली, जिच्यावरून भावाभावांत हाणामारी.
हिचं केंके मात्र कोपऱ्यात, कायम ओलं.
माझी पँट बसेनाशी झालीय.

काल विचारलं, आता तरी झालं का?
तिने नखाने कडेला खरवडलं.
पिवळा उडाला. खाली हिरवा.
बराच वेळ बघत राहिली.
मी म्हटलं, घासून काढतो.
"राहू दे," म्हणाली.

मग सोंड उचलावी तसा तो जाडजूड हात उचलून
टोपलीत घातला.
"तुम्ही पिठात मीठ घालत नाही ना रे?"
नाही.
"तेच म्हणते मी,"
आणि आणखी एक केंके
माझ्या हातावर ठेवलं.