पट्टा

धरण आटलं, हे आम्हाला कुणी कळवलं नाही,
ट्रेडमिलनं कळवलं.
नामुकोलोबाई पळत होत्या, सहाचा आकडा लागतच होता,
आणि पायाखालचा पट्टा एकाएकी जमीन झाला.
बाई पुढे गेल्या. म्हणजे पडल्याच.
गुडघा फुटला, आम्ही हसलो, त्याही हसल्या.
तेव्हा वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे.

मग वीज रात्री दोनला यायला लागली, पाचला जायला.
मुटिंटा गजर लावून उठायची,
व्यायामशाळेचं दार उघडून बसायची.
अख्खं लुसाका झोपलेलं, दंड काढायला येणार कोण?
आला एकटा सिआमे, बेकरीतला.
पीठ फुगेपर्यंत त्याला तरी काय काम?

वही माझ्याकडे असते. मी मुटिंटाचा थोरला भाऊ,
हिशेबापुरता.
सप्टेंबरच्या पानावर नावांपुढे टिंबं देत गेलो,
टिंब म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात नक्की’.
ऑक्टोबरच्या पानाला मुंग्या लागल्यात.

घरमालक भला माणूस. हीच अडचण.
दारात उभा राहून आधी माझ्या पाठदुखीची चौकशी करायचा,
मग पावसाची, मग गप्प.
त्या गप्प राहण्याचं
तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

जनरेटर घ्या म्हणाले लोक.
आणि त्याला डिझेल कोण पाजणार?
मुटिंटा फरशीवर बसून यंत्रांकडे बघत राहिली,
चोमाकडे, आमच्या गावी, दुष्काळात
बाप गुरांकडे बघायचा तशी:
कुणाला विकायचं,
कुणाला जगवायचं.

दोन सायकली गेल्या. आरसा गेला,
भिंतीवर त्याचा स्वच्छ चौकोन राहिला,
लोक अजून त्यात बघून केस सारखे करतात.
ट्रेडमिल कुणालाच नको होती.
शेवटी चिलेंजे बाजारातला म्वांझा आला, चपला शिवणारा.
त्यानं ना मोटार बघितली, ना बटणं.
गुडघे टेकून पट्टा चिमटीत धरला,
सदऱ्याचं कापड बघावं तसा.
“एवढंच द्या,” म्हणाला.
अकराशे क्वाचा. घासाघीस केली नाही आम्ही.

सांगाडा राहिला. त्याच्या दांड्यांना लोंबकळून
आता पोरं छाती कमावतात.
रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून वजनं केली.
एकावर वीस लिहिलंय, ते भरतं तेवीस.
नामुकोलोबाई तेच उचलतात.
आम्ही सांगितलेलं नाही.

ऊन उतरलं की अंगणात जमतो.
स्पीकर मुका, म्हणून आकडे मोठ्यानं मोजायचे,
ज्यानं त्यानं आपापल्या बोलीत.
आमच्या टोंगात सात म्हणजे ‘पाच आणि दोन’,
म्हणायलाच लांब,
तेवढा वेळ वजन डोक्यावर धरून ठेवावं लागतं.
सिआमे कुरकुरतो, सातला तरी बेंबा बोला.

वहीत नवा रकाना पाडलाय:
अंडी सहा. कोळसा अर्धं पोतं.
पाव दोन, एक करपलेला.
एका पानावर नुसतंच ‘आला होता’.
भाडं एका महिन्याचं दिलं.
घरमालक अजून पाठदुखी विचारतो,
पण आता उत्तर संपेपर्यंत थांबतो.

परवा म्वांझा दहा जोड घेऊन आला.
काळे तळवे, आणि एकावर अर्धा बाण,
पट्टा कुठल्या दिशेनं फिरतो ते सांगणारा.
तो जोड नामुकोलोबाईंनी घेतला.
चार वर्षं त्या त्याच्यावर पळाल्या,
खिडकीपर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.
काल पोस्टावरून वळसा घालून आल्या, धुळीनं माखून,
आणि विचारलं, “किती झालं?”

दाखवायला आकडा कुठे आहे?
मी वही उघडली, उगीच, पानं चाळली,
म्हणालो, “सहा.”
पाचही नसतील.
तेवीसची भरपाई कुठेतरी करायला हवी ना.