पासिंगचे टायर

आमच्या गावात गाड्या नऊ
आणि धड टायर चार.

गरिबी म्हणा, नाहीतर नशीब,
आठही जणांच्या ओपेल, एकाच मापाच्या,
जर्मनीत म्हाताऱ्या होऊन इकडे नांदायला आलेल्या.
बोंदोची डेलिका तेवढी वेगळी.
ती अक्रोडाखाली उभी असते,
तिच्यात कोंबड्या.

तर चार टायर.
ओतियाच्या गोठ्यात, मक्याच्या पोत्यांमागे,
अंगावर जुनी चादर.
ज्याचं पासिंग त्यानं आदल्या रात्री न्यायचे,
आपले गोटे उतरवून हे चढवायचे,
मग अंब्रोलाउरीपर्यंत बावीस किलोमीटर
खड्डे चुकवत, श्वास धरून,
शेजारणीच्या पाटल्या घालून लग्नाला निघालेली बाई
हात जपते तसं.
आल्यावर धुऊन परत.
खाचेतला खडासुद्धा काढून.
याची वही नाही, भाडं नाही.
ओतियाला एक बाटली वाइन,
तीही तो बहुतेक आपल्यालाच पाजतो.

तपासणीच्या शेडमध्ये वेप्खिया असतो.
गाडी लोखंडी रुळांवर चढवतो,
चाकं जीव तोडून पळतात
आणि आपण तिथल्या तिथे.
ब्रेक, दिवे, नळीतला धूर.
शेवटी वाकून खाचेत मापाची काडी घालतो,
म्हणतो, "टायर उत्तम."
त्यातल्या एकावर निळा डाग आहे,
गुलनाझीचं फाटक रंगवताना पडलेला.
एकाच वर्षात तो डाग सहाव्यांदा दिसला
तेव्हा वेप्खियानं त्यावर बोटानं टकटक केलं,
"काय, तब्येत बरी ना?" असं टायरलाच विचारलं,
आणि शिक्का मारला.

मार्चमध्ये झुझुनाच्या त्सोत्नेची पाळी आली.
सकाळी गेला. पास झाला.
वेप्खियानं खिडकीतून पाहिलं म्हणे,
गाडी गावाकडे वळलीच नाही,
नदीच्या कडेनं खाली उतरत गेली.
संध्याकाळी कुताइसी.
दुसऱ्या दिवशी सार्पीची सीमा, पलीकडे तुर्कस्तान.
तिसऱ्या दिवशी फोन:
"आई, ओतियाकाकांना टायरचं सांग."
काय सांग, ते बोललाच नाही.

पोलिसांत कोण जाणार?
चोरी म्हणावी, तर आम्हीच उचलून दिलेले.
नट आवळताना
बॅटरी मी धरली होती.

त्याचे चार गोटे झुझुनाच्या अंगणात पडून.
तिनं तीनांत कोथिंबीर लावली.
चौथ्यात लावणार होती,
तेवढ्यात तिथे मांजर व्याली.

जुलैत माझं पासिंग.
सवयीनं रात्री ओतियाकडे गेलो.
त्यानं काही न बोलता पोती बाजूला केली,
रिकामी जागा दाखवली.
चादरीची घडी मात्र नीट घातलेली.

पहाटे झुझुना दारात. हातात पाकीट.
चहाच्या मळ्यातली मजुरी, त्यानं पाठवलेली.
मी मोजली. म्हटलं, यात दोनच येतील.
म्हणाली, "मग पुढचे घे.
मागची चाकं काय,
येतातच की मागून."

वेप्खियानं पुढच्या खाचा मापल्या,
मागच्या नुसत्या पाहिल्या.
"नापास," म्हणाला. "तीस दिवसांत आण."
मग कागदावर सही करता करता,
मान वर न करता,
"निळा डाग कुठाय?"
"लांब गेला," मी म्हटलं.
"पोचला का?"
"पोचला."
त्यानं तीस खोडून पंचेचाळीस केलं,
पुन्हा काय वाटलं कोण जाणे,
पंचेचाळीस खोडून तीस.

त्याच संध्याकाळी दोन्ही टायर उतरवले,
धुतले, खडे काढले,
ओतियाच्या गोठ्यात ठेवून आलो.
आता चादर
फार मोठी पडते.