मागचं सील

दिवसाच्या सहा खेपा, मानोरा ते कारंजा,
आणि जिथं उभा राहिलो तिथं माझी सही:
काळी, गोल, आठाण्याएवढी.
स्टँडवर कडुनिंबाखाली तर अख्खं पान भरलं.
चहावाल्या गुणवंतानं परवा त्यावर राख टाकली,
काही बोलला नाही.

दोन दिवसाला अर्धा लिटर. एकशे ऐंशी.
होळीपासून पाच हजार चारशे रुपये
मी थेंबाथेंबानं डांबरावर सांडले.
सवाऱ्या म्हणतात, "जळका वास येऊन राह्यला भाऊ."
मी म्हणतो, पऱ्हाट्या पेटवल्या असतील कोणी.
मे महिन्यात.

इस्राईल मिस्त्री पाठीवर सरकत गाडीखाली गेला.
बाहेर फक्त चपला, त्यातल्या एकीला तार बांधलेली.
आतून आवाज आला:
"क्रँकचं मागचं सील गेलं."
केवढ्याचं येतं?
"दोनशे वीस."
मी हसलो. खिशात हात घातला.

"थांब ना बाप्पा.
सील दोनशे वीसचं हाये, पण बसते कुठं ते पाय.
तिथवर जाले गिअरबॉक्स उतरवा लागते."

वरतून आवळून नाही भागत?

चपला हलल्या.
"वरतून आवळलं का आणखी पिचकते.
उतरवल्याबिगर काम नाही."

मग हात चिंधीला पुसत कागद शोधला.
फळीवर एक लग्नपत्रिका होती, तिच्या पाठीवर पेन्सिलीनं:
सील २२०
गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे २८००
क्लचप्लेट (उघडलंच आहे तर) १९००
ऑइल पाच लिटर १७५०
खाली एक रेघ. ६६७०.
"चहा माह्या तर्फे," म्हणाला.

मी आकडे पुन्हा मिळवायला पत्रिका हातात घेतली
आणि ती उलटली.

चि. सौ. कां. मयुरी.
स्थळ: राहते घर, इंझोरी.
प्रेषकांत दादाचं नाव.
ह्याच मयुरीला सहा दिवसांची असताना
कारंजाच्या दवाखान्यातून मी आणलं होतं,
ह्याच गाडीच्या पुढच्या सीटवर, वहिनीच्या मांडीवर,
वीसच्या वर काटा जाऊ न देता.
मिस्त्रीला पत्रिका आहे.
गुणवंताच्या गल्ल्यालाही एक टोचलेली असेल.

चार वर्षं झाली. एका टायरपायी.
दोघांच्या गाडीचा टायर, अर्धे त्याचे, अर्धे माझे,
कोणाचे दोन हजार राहिले, कोणाचे दिले गेले.
इंझोरीवरून मी रोज सहा वेळा जातो.
सवारी असली तर गाडी चालती ठेवूनच उतरवतो.
सगळ्या रस्त्यावर तेवढाच एक फाटा कोरा आहे,
माझा एक थेंब नाही तिथं.

मिस्त्री म्हणाला, "सोमवारी आणून टाक, दोन दिवस लागतीन."
मी म्हणालो, पाहतो.

तिसऱ्या खेपेला गाडी रिकामी होती.
फाट्यावर गिअर न्यूट्रलला कसा आला ते मला विचारू नका.
दादाच्या दारापुढं मांडवाच्या बल्ल्या उभ्या होत्या,
नुकतंच शेणानं सारवलेलं, अजून ओलं.
मी इंजन बंद केलं.
बंद केल्यावर ते जास्त ऐकू येतं:
टप.
बराच वेळ काही नाही.
टप.

स्टेअरिंगवर हात ठेवून मी समोर पाहत बसलो,
सवारीची वाट पाहत असल्यासारखा.

वहिनी आतून आली. हातात घमेलं, तळाशी रेती.
माझ्याकडं न पाहता वाकली,
घमेलं इंजिनाखाली सरकवलं,
एक थेंब नीट रेतीत पडतो का पाहिलं,
पदरानं हात पुसला.

"सारवण खराब झालं असतं," म्हणाली.

आणि मांडवाकडं परत जाता जाता, पाठमोरीच:
"उतरा आता खाली, भाऊजी."