डावीकडचं

मैनोद्दीन टेलरनी दुकान आवरलं तेव्हा
शिलाई मशीन पुतण्यानं नेलं, कात्री कुणालाच दिली नाही,
आणि हा अ‍ॅम्प्लिफायर मला दिला, नऊशे रुपयांत.
"मॅडम, चालू हाय. एकाच बाजूनं बोलतो,
पण बोलतो."

उदगीरच्या कॉलेजात एकवीस वर्षं
फिजिक्सच्या लॅबमध्ये भिंगं पुसलीत मी,
पोरांनी जाळलेले मीटर उठवून बसवलेत.
एक बाजू मुकी, एवढ्यानं काही घाबरत नाही.

आधी स्पीकरची अदलाबदल.
डावा उजवीकडं जोडला: गायला.
उजवा डावीकडं: गप.
मागच्या वायरी उलट्या खोचल्या. तरी डावंच गप.
म्हणजे दुखणं पाहुण्यांचं नव्हे, घरातलं.

झाकणाला अकरा स्क्रू; एका गंजक्यानं तास खाल्ला.
आत धूळ नव्हती, कापड होतं.
टेरिकॉटचा भुसा, निळ्या खडूची पूड,
आणि ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला निपचित
एक बदामी बटण, चार छिद्रांचं.
हाच चोर, म्हटलं. चिमट्यानं उचलून बशीत ठेवलं.
साठचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू केला,
बल्ब भपकन पेटला आणि मवाळ होत गेला.
बरं. आत कुठं आग नाही.
डावं गप.

बंद केला तरी लगेच हात लावायचा नसतो.
मोठे कपॅसिटर वीज पोटात धरून बसतात,
माझ्या थोरल्या नणंदेसारखे;
भांडण मिटलं म्हणून जवळ जावं, तर फाटकन.

दुपारी लाईट गेली. चारला आली.
मीटरची टोकं घेऊन पुन्हा बसले.
आधी उजवीकडं विचारायचं, मग डावीकडं.
नकाशा हाताशी नसला की चालती बाजू
हाच बंद बाजूचा नकाशा.
उजवीकडं एकतीस व्होल्ट, डावीकडं एकतीस.
उजवीकडं शून्य पॉइंट सहा, डावीकडं तेवढंच.
एका तागातून कापलेल्या दोन बाह्या,
कुठं सुताचाही फरक नाही.
मग आवाज जातो कुठं?

राहिला रिले.
चालू केल्यावर तीन सेकंदांनी टक् करतो,
आणि दोन्ही बाजूंची दारं उघडतो.
टक् तर रोजच होत होतं.
टोपण काढून भिंग धरलं:
उजवं दार लखलखीत, डावं काळंठिक्कर.
जळलं नव्हतं, तुटलं नव्हतं.
भाईंकडं स्पीकरच एक होता,
उजवीकडचा, इस्त्रीच्या वरच्या फळीवर.
सव्वीस वर्षं डावं दार रोज उघडलं
आणि त्यातून कुणी गेलंच नाही.

कुणाच्यातरी लग्नपत्रिकेची पट्टी कापली,
स्पिरिटमध्ये भिजवून
त्या दोन ओठांत धरली, हळूच ओढली.
पट्टीवर काजळ आलं.
परत. परत.
पाचव्यांदा कोरी निघाली.

त्यांचीच उरसातून घेतलेली कॅसेट लावली.
कव्वाल उजवीकडं होताच, ठरलेल्या जागी.
टक् झाल्यावर डावीकडून टाळ्या आल्या,
आठ-दहा माणसांच्या, जाड तळव्यांच्या,
आणि त्यात एक जण
दर वेळी अर्धा क्षण उशिरा.

फोन केला.
"भाई, डावं चालू झालं. टाळ्या सगळ्या तिकडंच हायत."
पलीकडं पंखा घरघरत होता.
"टाळ्या हायत त्याच्यात?"
मी फोन स्पीकरजवळ नेला.
त्या एवढ्याशा भोकातून
कितपत पोचलं असेल, कोण जाणे.

बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग म्हणाले,
"आत एक बटण घावलं का? बदामी?
तलाठ्याच्या सफारीचं हाय ते.
दुसरं लावून दिलतं, रंग जुळला नव्हता.
ते कधी बोलले नाहीत.
टाकू नका, मॅडम. येतो मी."