आधी शून्य

ही फाइल खरी फाइल नाही.
तबकडीवर तिचा कणही सापडणार नाही.
आकार विचारला तर सांगते चार हजार शहाण्णव,
दरवेळी तोच,
एखादा म्हातारा वय विचारलं की
ठरलेला आकडा फेकतो, तशी.
वाचायला गेलं की कर्नेल
त्या क्षणापुरतं उत्तर मांडतं.
आणि लिहायला गेलं तर
लिहिलेलं उरत नाही, घडतं.

नोव्हेंबरात मी तिच्यात चार लिहिलं होतं.
एन्टर.
तळहाताएवढ्या एका कार्डाच्या जागी
यादीत पाच दिसू लागली,
एक थोरलं, चार त्याच्या सावलीतली,
प्रत्येकाला आपला पत्ता, आपली रांग.
खोलीत जाऊन पाहिलं तर
केबल एकच. पिवळी.

चौघांचा हात जुन्या ड्रायव्हरकडून सोडवला,
एका गटात जन्मलेल्यांना वेगळं नांदवता येत नाही
म्हणून गट तपासले दोनदा,
मग एकेक पाहुण्याच्या हवाली केलं:
बंदर, पाणीपुरवठा, वाचनालय
आणि बर्फाचा रस्ता.
ज्याला त्याला वाटतं, कार्ड अख्खं माझं.
मी कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.
त्याचाच मला पगार आहे.

आज फेब्रुवारी. औलू. रात्रीचे अडीच.
बाहेर उणे सत्तावीस, आत पंखे.
आणखी दोन हवेत.
मी सहा लिहिलं.
उत्तर आलं: उपकरण व्यग्र आहे.

पुन्हा लिहिलं. माणूस पुन्हा लिहितोच.
उपकरण व्यग्र आहे.

चारावरून सहावर थेट वाट नाही.
आधी शून्य लिहावं लागतं,
सगळ्यांचं सगळं काढून घ्यावं लागतं,
मग नव्यानं वाटणी.
माहितीपुस्तिकेत हे एका ओळीत आहे
आणि त्या ओळीत कुणाचंच नाव नाही.

म्हणून फोन.
बंदर म्हणालं, कर.
पाण्याकडची टाइमी म्हणाली, टाकी भरू दे, दहा मिनिटं.
वाचनालय झोपलेलं.
राहिला उरपो,
बेटाकडे जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्याच्या तोंडाशी
लाकडी खोलीत
पडद्यावर बर्फाची जाडी बघत बसलेला.

"दोन मिनिटं तुला काही दिसणार नाही," मी म्हणाले.
"किती?"
"दोन. फार तर तीन."
तो बराच वेळ बोलला नाही.
आमच्याकडे गप्प राहिलं म्हणजे
फोन तुटला असं नसतं.
मग खुर्ची सरकली.
"गिरमिट घेऊन जाऊन येतो."
"उरपो, आत्ता कोण गाडी घालतंय बर्फावर?"
"कुणी घातली तर?"
दार. वारा. दार.
फोन टेबलावर तसाच,
त्याच्या खोलीतलं घड्याळ माझ्या कानात.

पाहुण्यांना थांबवलं. शून्य लिहिलं.
चौघं यादीतून गेली.
थोरलं एकटं उरलं,
कारखान्यातून आलं त्या दिवशीसारखं.
मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल.
मग सहा.
सहा ओळी उगवल्या.
पहिल्या चौघांचे पत्ते तेच.
ती तीच होती का
हे विचारायला मात्र कुठली फाइल नाही.

एकेकाला परत पोचवलं. बंदर लागलं. पाणी लागलं.
बर्फाचा आकडा आला: अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.

दोन मिनिटं केव्हाच सरली होती.
घड्याळ ऐकत बसले,
सोळाव्या मिनिटाला दार,
बूट आपटल्याचा आवाज,
धापा.
"पंचेचाळीस."
"माझ्याकडे अठ्ठेचाळीस आहे, उरपो."
"तिथे असेल," तो म्हणाला,
"मी उभा होतो तिथे पंचेचाळीस."

वहीत दोन्ही लिहिले.
पेन्सिलीनं.